जळवेचं सँपल

कडुलिंबाचं तेल, चुन्याची निवळी आणि तंबाखूचा काढा एकाच पातेल्यात उकळला की जो वास सुटतो, तो मी आजही दहा घरांवरून ओळखेन. आधी कडवट, मग घशाशी खवखवणारा, आणि पातेलं उतरवून ठेवल्यावर बरेच दिवस बंद राहिलेल्या खोलीसारखा कोंदट. त्या कोरड्या श्रावणात आमच्या सामाईक भिंतीपलीकडून तो रोज पहाटे येऊन माझ्या उशाशी बसत असे. भिंतीपलीकडे सिद्रामप्पा राहत. ते मिश्रण ते गुडघ्यापासून घोट्यापर्यंत चोळत, वाळेपर्यंत ओसरीवर पाय लांब करून बसत, मग त्यावर धोतर सोडून दूध सोसायटीत कामाला निघत.

जळवा चावू नयेत म्हणून.

आमच्या गावात जळवा नव्हत्या, हे वाचकांना सांगायला हवं. माकणीकडे धरणाचं काम चाललं होतं, पण त्या धरणाची आणि पाण्याची ओळख अजून व्हायची होती. विहिरींचे तळ दिसत होते. टँकर आठ दिवसांनी येई. जळू राहू द्या, मला शाळेत बेडूकसुद्धा फळ्यावर काढून शिकवावा लागे. अशा गावात एक साठीचा माणूस पायांना जळवांचं औषध लावून हिंडत होता, आणि वासामुळे रस्ता त्याला आपोआप मोकळा होत होता.

"अप्पा, जंगलात जायला अजून महिना आहे," मी एकदा भिंतीवरून म्हटलं.

"म्हणूनच की बाई. पायाला सवय पायजे. वासाला बी."

"पायांना होईल हो. आम्हाला कधी होणार?"

"तुमाला बी होईल. पंधरा दिस द्या."

सिद्रामप्पा आमच्या दूध सोसायटीचे टेस्टर. दुधात फॅट किती आणि पाणी किती, हे तेच ठरवत, म्हणून गाव त्यांना फॅटअप्पा म्हणे. त्यांच्या स्वतःच्या देहावर मात्र औषधापुरतीही चरबी नव्हती. सकाळ-संध्याकाळ किटल्यांची रांग लागे आणि अप्पा एकेका किटलीत लॅक्टोमीटर सोडून डोळा त्याच्या रेषेला आणीत. मग वास घेत. मग एक थेंब मनगटावर ओघळू देत. शेवटी किटलीला कान लावीत. कान कशासाठी, हे त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही. त्यांच्यापाशी निकाल दोनच होते, "पास" आणि "पाणी".

"अप्पा," सोजरबाई एकदा रांगेतून कडाडल्या, "टँकर आठ दिसाला येतंय. दुधात घालाया पाणी आणू तरी कुठनं?"

"तेच म्या इचारायलाव सोजराबाय," अप्पा किटलीवरून डोळा न उचलता म्हणाले. "कुठनं आणलं?"

तपासणाऱ्याने स्वतः सोसायटीत दूध घालू नये, असा त्यांचा दंडक होता. म्हणून त्यांच्या दारात गाय नव्हती, म्हैस नव्हती. गावाच्या दुधावर हयात घालवलेला हा माणूस घरी कोरा चहा पीत असे.

तपासणी हा त्यांचा व्यवसाय राहिलेला नव्हता, तो त्यांच्या रक्तात उतरला होता. खुर्चीवर बसण्याआधी ते ती दोन्ही हातांनी दाबून बघत. लग्नाच्या पंगतीत पहिलं शीत बोटांत चिरडून मगच आचाऱ्याला नमस्कार करीत. मुलांचे पाढे कच्चे आहेत, असं मी एकदा सहज बोलून गेले, दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेच्या वाटेवर सहा पोरं अडवली आणि मधल्या सुट्टीत मला अहवाल दिला, "दोगं पास. चार पाणी." कोणी काही सांगू लागलं की अप्पांचा उजवा पंजा हवेत उभा राही. "आधी सँपल!"

त्यांच्या पत्नीचं नाव गंगव्वा. तीन वर्षं मी त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहत होते. त्यांच्या बांगड्यांचा, खराट्याचा, पाटा-वरवंट्याचा आवाज मला पाठ झाला होता. गळ्यातला आवाज मी ऐकलेला नव्हता. "मुकी न्हाय ती," गावातल्या बाया सांगत. "बोलत न्हाय." आणि एवढं सांगून विषय बदलत.

तर जंगल. त्या वर्षी सोसायटीचा अभ्यासदौरा निघाला. धारवाडकडची एक डेअरी बघायची, आणि मग एक संपूर्ण दिवस कारवार जिल्ह्यातल्या जंगलात, वन खात्याच्या वाटाड्याबरोबर. डेअरी कोणालाच बघायची नव्हती. दुष्काळातल्या माणसांना झाडं बघायची होती. बत्तीस पुरुष, आठ बायका. बायकांबरोबर शिकलेलं बाईमाणूस हवं, म्हणून चेअरमन दादाराव शाळेत येऊन मला सांगून गेले. मी होकार दिला नाही, नकारही दिला नाही. नोकरीचं अकरावं वर्ष होतं. सकाळी शाळा, दुपारी हजेऱ्या आणि तक्ते, टँकरच्या दिवशी घागरींची रांग. मला जंगल नको होतं, झोप हवी होती. माझ्या गप्प राहण्याचा अर्थ त्यांनी सोयीचा लावला.

वन खात्याकडून सूचनांचा एक कागद आला तो कानडीत. गावात कानडी बोलणारे पुष्कळ. सफाईनं वाचणारे एकटे अप्पा. त्यांनी तो वाचून दाखवला आणि त्या क्षणापासून तयारीची सूत्रं स्वतःकडे घेतली. पायांत बंद बूट. अंगावर भडक रंग नको. पावसासाठी आच्छादन. जळवांपासून संरक्षण. आणि जंगलात शांतता. सहा ओळींचा कागद होता. अप्पांनी त्यातून महिनाभराचा अभ्यासक्रम तयार केला.

आच्छादनाचा प्रश्न युरियाच्या पोत्यांनी सोडवला. पोत्याच्या आतली प्लॅस्टिकची पिशवी एका कोपऱ्यात दुमडली की डोक्यावर छान खोळ होते. अप्पांनी एक खोळ पांघरून सोजरबाईंना वरून तांब्याभर पाणी ओतायला सांगितलं.

"तांब्याभर?" सोजरबाईंनी डोळे वटारले. "तेवढ्यात माझी डाळ शिजती अप्पा!" आणि त्यांनी जेमतेम ओंजळभर शिंपडलं. तेही नंतर परातीत निथळून घेऊन गेल्या.

बुटांसाठी चिखल हवा होता. कॅन धुतलेलं पाणी सोसायटीच्या मागे जाई. तिथं अप्पांनी खड्डा केला, त्यात काळी माती कालवली, आणि रोज संध्याकाळी कॅनव्हासचे बूट घालून ते त्यात शंभर पावलं चालत. उकिरड्यावरचे कावळेसुद्धा बघायला जमत. बूट त्यांना घट्ट होत होते. एक आकडा लहान आणलात काय, असं मी विचारलं, तर म्हणाले, "हाच आकडा बराबर हाय," आणि लंगडत घरी गेले.

शांततेची तालीम सर्वांत कठीण गेली. आठही बायकांनी देवळापासून पाराला वळसा घालून तोंड न उघडता परत यायचं होतं. पहिल्या दिवशी आम्ही पारापर्यंतही पोहोचलो नाही. दुसऱ्या दिवशी पोहोचलो. पण तिथे सोजरबाईंची जाऊ समोरून आली, आणि मग अर्धा तास जे झालं त्याने कुठल्याही जंगलातला वाघ शेजारच्या राज्यात गेला असता. अप्पा पारावर डोकं धरून बसले. मी त्यांच्या शेजारी बसले. मला तेवढीच विश्रांती.

आता राहिलं ते औषध. पंधरा दिवस ते चोळल्यावर अप्पांच्या ध्यानात आलं, की आपण औषध तपासलेलंच नाही. जळू चावत नाही हे खरं. पण इथे चावायला जळूच नाही. हा शोध त्यांना लागला त्या रात्री भिंतीपलीकडे त्यांच्या येरझारा चालू होत्या.

सकाळी ते मुरूम गावाला निघाले. तिथे एक म्हातारे हकीमसाहेब होते. गुडघे सुजले, गळू झालं की ते जळवा लावून नासकं रक्त काढीत. माझंही मुरूमला केंद्रशाळेत काम होतं, म्हणून आम्ही एकाच बसने गेलो. हकीमसाहेबांच्या खोलीत कापराचा आणि जुन्या गाद्यांचा वास होता. काचेच्या बरणीत पाच-सहा जळवा तळाशी पडून होत्या.

"देतूं अप्पा," हकीमसाहेब म्हणाले. "मगर ये अब काटती नै. कल्लीच पाटीलसाब का खून पी को बैठी है."

"मग कवा चावतील?"

"आठ-दस दिन भूकी रखो. पाटीलसाब का खून है, हजम होने को वखत लगता."

दुधाच्या सँपलच्या बाटलीत दोन जळवा घेऊन अप्पा परतले. पुढचे दहा दिवस ती बाटली सोसायटीच्या टेबलावर लॅक्टोमीटरशेजारी होती. दूध घालायला येणारे तिला वाकून बघत आणि पाटलांची चौकशी करीत. "लागली का भूक?" हा त्या दिवसांत गावातला रामराम झाला होता. मी चौथीचा वर्ग दोन रांगांत नेऊन तिचं दर्शन घडवलं. निसर्ग-अभ्यासाचा एक तास त्यात निभावला, याचा मला थोडा लाजिरवाणा आनंद झाला.

अकराव्या दिवशी, रविवारी दुपारी, अप्पांच्या अंगणात परीक्षा झाली. उजव्या पायाला औषध, डावा कोरा. अप्पा बाजेवर बसले, धोतर वर खोचलं. मी साक्षीदार. सोजरबाई बोलावलं नव्हतं तरी आल्या होत्या. पहिली जळू उजव्या नडगीवर ठेवली. ती आखडली, वळवळली आणि खाली पडली. दुसरी डाव्या पायावर ठेवली. तिने इकडेतिकडे तोंड फिरवलं, जागा निवडली आणि चिकटली.

"पास!" अप्पा बाजेवरच उडाले. "बाई, बगितलं? औषध पास!"

जळू फुगू लागली. अप्पांनी ती ओढली. ती लांबली, सुटली नाही. पुन्हा ओढली. रक्ताची एक बारीक रेघ घोट्याकडे निघाली.

"पक्कड आणा!" सोजरबाई ओरडल्या.

तेवढ्यात गंगव्वा घरातून बाहेर आल्या. कोणाकडेही न बघता त्या उकिडव्या बसल्या. बोटावर मीठ होतं. ते जळवेच्या तोंडाशी नुसतं टेकवलं. जळू गळून पडली. गंगव्वांनी तिला उघड्या चिमटीत उचललं, तळहातावर घेऊन क्षणभर बघितलं, मग बाटलीत सोडून दिलं, आणि जखमेवर हळद दाबून त्या आत गेल्या. तान्ह्या मुलाचं नाक पुसावं इतक्या सवयीचं ते सगळं होतं. आत जाताना त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, असं मला वाटलं. सोजरबाईंनाही वाटलं असावं. त्या जन्मात पहिल्यांदा काही न बोलता उठून घरी गेल्या.

"तिकडचीच हाय ती," अप्पा दाराकडे बघत म्हणाले.

"कुठली?"

"कारवारकडच्या रानातली. बाप लाकडाच्या डेपोवर मुकादम होता. तेरा वर्साची आणली हितं." त्यांनी हळदीवर बोट दाबून धरलं होतं. "लई बोलायची बगा. पाणी भरताना, भाकरी करताना, सारखं रानाचंच. म्हणायची, आमच्याकडं पाऊस थांबला तरी झाडं दोन घंटे पाऊस पाडत्यात. दुपारी कंदील लावावा लागतो. एक पाखरू हाय, उडालं की इंजिन गेल्यावानी वाटतं. जळवा झाडावरनं टपकत्यात. हितल्या बाया हसायच्या. कानडी बी तिची येगळी, तेला बी हसायच्या. एकदा आडावर सगळ्या असताना म्या बी हसलो. म्हणलो, लई पाणी हाय हिच्या बोलण्यात."

मी जळवांच्या बाटलीचं झाकण लावलं.

"तपासल्याबिगर म्या कुणाचं दूध परत केलं न्हाय, बाई. सगळ्या नोकरीत न्हाय. तिचं बोलणं तेवढं केलं."

अंगणात ऊन उभं होतं. आत पाट्यावर वरवंटा चालू झाला.

"एकदम गप न्हाय झाली. आधी रानाचं सांगणं गेलं. मग बाकीचं. बहात्तरच्या दुष्काळात कामापुरतं होतं ते बी गेलं. माहेरी नीट बोलंल म्हणावं, तर माहेर कुठं ऱ्हायलंय? डेपो उठला, बाप गेला. रान तेवढं हाय."

"मग तुम्ही दोघं चाललात?"

"शीट एकच हाय. नोकराला एक. ती तिला."

मी त्यांच्या पायांकडे बघितलं. एक तेलाने काळा पडलेला, एक हळदीने पिवळा. दोन्हींच्या अंगठ्यांवर लहान बुटांचे फोड.

"अहो, मग हे औषध, तो चिखल, ते बूट..."

"तिच्या पायाला लावायचं," अप्पा चकित होऊन म्हणाले, "तर आधी कुणाच्या पायाला लावून बगू? तुमच्या?"

"त्या येते म्हणाल्या?"

"न्हाय म्हणाली न्हाय."

ही बातमी गावात पसरली आणि मोठा हाहाकार झाला. मला त्याचं कारण आधी कळलं नाही. मग कळलं. अप्पा चार दिवस दौऱ्यावर जाणार, या आशेवर अख्खी रांग महिनाभर तो वास सहन करीत होती. चार दिवस लॅक्टोमीटर नाही, कान नाही. आता अप्पाच गावात राहणार म्हटल्यावर त्यांच्या ओसरीवर लोक येऊ लागले.

"अप्पा, जावा की. जिवाला इसावा."

"तुमच्याबिगर वाटाड्याची भाषा कोण समजंल आमाला?" हे विचारणारा स्वतः घरी कानडी बोले.

"माझी शीट वैनीला घ्या, पर तुमी जावाच!" एकजण तर इथपर्यंत आला. अप्पांनी त्याच्याकडे किटलीकडे बघावं तसं बघितलं, आणि तो उठला.

आक्षेप निघाला तो चेअरमनच्या दारात. गंगव्वा सोसायटीच्या सभासद नाहीत, आणि सभासद व्हायचं तर दूध घालायला हवं. दूध घालायचं तर दारात जनावर हवं, आणि ते नको हा दंडक खुद्द अप्पांचा. दोन दिवस अप्पा जेवले नाहीत असं सोजरबाई सांगत होत्या. त्यांना कसं कळलं, कोण जाणे. भिंतीपलीकडे तेल उकळणं मात्र चालू होतं. तिसऱ्या दिवशी मी शाळा सुटल्यावर दादारावांकडे गेले. मला दौऱ्याची हौस नव्हती, हे त्यांनाही ठाऊक होतं. मी एवढंच विचारलं, की अप्पा गेले तर त्या चार दिवसांचं न तपासलेलं दूध शीतकरण केंद्रावरून परत आल्यावर तुम्ही ते ठेवणार कुठे? दादारावांनी कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाले, "गंगव्वावैनीचं नाव घाला यादीत."

निघायच्या दिवशी, उजाडताना, सोसायटीपुढे बस उभी होती. सगळ्यांच्या देखत अप्पा जमिनीवर बसले. गंगव्वांच्या पायांना त्यांनी औषध लावलं, मग बूट चढवले, नाडी बांधली. त्यांच्या पायांना ते अगदी बरोबर झाले. गंगव्वा त्यांच्या डोक्यावरून कुठेतरी लांब बघत होत्या. रांगेतल्या एकानेही थट्टा केली नाही.

"बाई," अप्पा माझ्या खिडकीशी आले. तेलाची दुसरी बाटली त्यांनी माझ्या हाती दिली. "तुमी बी लावा. आन् बगून या. झाडं पाऊस पाडत्यात का. तुमचं सांगणं गाव ऐकतंय."

डेअरीबद्दल मला काही आठवत नाही. गंगव्वा तिथल्या पायरीवर बसून होत्या. पण दुसऱ्या दिवशी सकाळी वाटाड्याच्या मागे आम्ही त्या रानात शिरलो, आणि पन्नास पावलांत उजेडाचा रंग बदलला. ओल्या सालींचा, कुजत्या पानांचा, कुठेतरी उमललेल्या न दिसणाऱ्या फुलांचा वास एकदम अंगावर आला. इतका दाट, की माझ्या थकलेल्या शरीराने तो आधी पाण्यासारखा पिऊन घेतला, मग मला कळवलं. पाऊस पडत होता. आमच्या युरियाच्या खोळांवर तो एवढा आवाज करीत होता की शांततेची तालीम वायाच गेली म्हणायची.

वाटाडा मधल्या वयाचा, काटक, हातात कोयता. मोडक्या हिंदीत तो झाडांची नावं सांगत होता. एका जाड वेलीपाशी थांबून त्याने काहीतरी नाव सांगितलं. तेव्हा माझ्या मागून कोणीतरी दुसरंच नाव उच्चारलं. खरखरीत, अर्धवट आवाज. बरेच दिवस न ओढलेल्या रहाटासारखा.

गंगव्वा.

वाटाडा वळला. त्याने वेलीकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं, आणि कानडीत काही विचारलं. त्यांनी उत्तर दिलं. त्याने आणखी विचारलं. मग तो हसला आणि त्याने कोयता बगलेत मारून हात जोडले. पुढचा सगळा दिवस वाटाड्याच्या पुढे गंगव्वा चालत होत्या. मला कानडी येत नाही. सोजरबाई माझ्या कानाशी भाषांतर करीत होत्या, आणि पहिल्यांदाच स्वतःचं काही घालत नव्हत्या.

दुपारी पाऊस थांबला. आम्ही खोळा काढल्या, आणि झाडं पाऊस पाडू लागली. मी घड्याळ बघितलं. एक तास चाळीस मिनिटं. अप्पांनी वीस मिनिटं पाणी धरलं असतं. मग डोक्यावरून धापा टाकत काहीतरी गेलं, इंजिनासारखं. सगळ्यांनी वर बघितलं. सोजरबाईंनी नाही बघितलं. त्या गंगव्वांकडे बघत होत्या आणि पदराने तोंड पुसत होत्या.

ओढ्याशी गंगव्वा खाली बसल्या. बूट काढले. ओल्या मातीने, पानांनी घासघासून दोन्ही पायांचं औषध धुऊन टाकलं आणि अनवाणी पाण्यातून चालू लागल्या. पलीकडे पोहोचेपर्यंत घोट्याला जळू लागली होती. मी घाईने मिठाची पुडी काढली. त्यांनी मान हलवली आणि काहीतरी बोलल्या.

"म्हणती," सोजरबाई म्हणाल्या, "माहेरचं माणूस हाय. पिऊ दे थोडं."

मी औषध चोळलेलं होतं. मला एकही जळू लागली नाही. जळूच काय, दिवसभर माझ्याजवळ कोणी आलं नाही. वाटाडा वारा बघून बाजू बदलत होता.

परतीच्या वाटेवर झाडं विरळ होत गेली. विजापूर येईपर्यंत गंगव्वा मधूनमधून बोलत होत्या. नंतर खिडकीबाहेर करपलेली ज्वारी दिसू लागली तशी वाक्यं लहान झाली. उमरग्याला त्यांनी पाणी मागितलं तेही खुणेने. गाव येईपर्यंत त्या पहिल्यासारख्या बसल्या होत्या, हात मांडीवर, नजर लांब. त्या दमल्या होत्या, की रान मागे राहिलं तसा आवाजही मागे राहिला, हे मला ठरवता येईना. आणि पाय धुतल्याचं अप्पांना काय सांगावं, याची मी वाक्यं जुळवत होते.

संध्याकाळच्या दुधाची वेळ होती. रांग लागलेली. बस थांबली तशी लॅक्टोमीटर किटलीत तसाच तरंगत सोडून अप्पा उठून आले. गंगव्वा उतरल्या. ओढ्यात धुतलेले, नाड्या एकमेकींना बांधलेले बूट त्यांनी अप्पांच्या हातात दिले आणि घराकडे चालू लागल्या. अप्पांनी एक बूट नाकाशी नेला. औषधाचा वास त्यात उरलेला नव्हता. त्यांना कळलं, हे मला दिसलं. त्यांनी बूट काखेला मारले.

मग ते माझ्यापाशी आले. मी तयारच होते. एक तास चाळीस मिनिटं, ते पाखरू, दुपारचा काळोख. सगळं रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचं, असं मी ठरवलं होतं. मी तोंड उघडलं. त्यांनी मान हलवून मला थांबवलं. एकदा मागे वळून घराच्या दाराकडे बघितलं, माझ्याजवळ वाकले, आणि कोणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात विचारलं,

"बोलली?"